परदेशात लग्न : कायदा आणि कागदपत्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी दाखल्यांची इंग्रजी भाषांतरं करते. जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, घटस्फोटाचे हुकूमनामे. माझ्याकडे येणारी माणसं बहुधा घायकुतीला आलेली असतात. हॉल ठरलेला असतो, विमानाची तिकिटं काढलेली असतात आणि तिकडच्या कार्यालयाने ईमेलमध्ये एक असा कागद मागितलेला असतो, की तो भारतात कोणी देतच नाही. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून ते एकदाचे लिहून काढले. मी वकील नाही. आधीचं लग्न, मालमत्ता किंवा मुलांचा ताबा यांत गुंता असेल तर वकील गाठा.

परदेशात केलेलं लग्न भारतात कायदेशीर धरतात का?

धरतात, पण दोन गोष्टी जमायला हव्यात. लग्न ज्या देशात लागलं त्या देशाच्या कायद्याप्रमाणे ते रीतसर लागलेलं असावं, आणि दोघंही आपापल्या कायद्याने लग्नाला पात्र असावेत. म्हणजे वय, आधीचा जोडीदार नसणं आणि निषिद्ध नातं नसणं. पहिली गोष्ट तिकडचा अधिकारी पाहतो. दुसरी बऱ्याचदा कोणीच पाहत नाही आणि तीच पुढे नडते.

अनेकांची समजूत असते की भारतीय दूतावासात नोंद झाली नाही तर लग्न बाद. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी डिसेंबर २०१७ मध्ये इटलीत लग्न केलं, तेव्हा ‘रोमच्या दूतावासात नोंद नाही, आता पुन्हा लग्न करावं लागणार’ अशा बातम्या आल्या होत्या. त्या वाचून घाबरलेले लोक अजून भेटतात. विदेशी विवाह अधिनियम, १९६९ याचं कलम २७ सांगतं की या कायद्याबाहेर परदेशात झालेल्या लग्नाच्या वैधतेला या कायद्यामुळे बाध येत नाही. नोंद सोयीसाठी असते. ती करून घ्यावी असंच माझं मत आहे, पण ती केली नाही म्हणून कोणी अविवाहित ठरत नाही.

या १९६९ च्या कायद्याखाली दूतावासातच लग्न लावता येतं ना?

कायद्याने येतं. दोघांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक हवा. ज्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची त्याच्या हद्दीत दोघांपैकी एकाचं सलग ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस तिथे लागते, शिवाय भारतातही प्रसिद्ध होते. हरकतीसाठी ३० दिवस असतात. मग अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. नोटीस दिल्यापासून सहा महिन्यांत ते उरकलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

कलम ११ मात्र कोणी वाचत नाही. स्थानिक कायद्याला जे लग्न निषिद्ध आहे ते लावायला आपला अधिकारी नकार देऊ शकतो. शिवाय आपल्या भूमीवर परक्या वकिलातीने लावलेली लग्नं काही देश मानतच नाहीत. म्हणून दूतावासाच्या भरवशावर तारीख ठरवण्याआधी ‘तुमच्याकडे लग्न लावतात का, की फक्त नोंदवतात?’ हा एकच प्रश्न ईमेलवर विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा.

मग कलम १७ म्हणजे काय?

स्थानिक कायद्याप्रमाणे आधीच लागलेल्या लग्नाची भारतीय विवाह अधिकाऱ्याकडे नोंद. परदेशात राहणाऱ्या बहुतेक मराठी जोडप्यांच्या उपयोगाचं कलम हेच. तिथे राहत असतानाच हे करून टाका. भारतात परतल्यावर विवाह नोंदणी कार्यालयात गेलात की ‘लग्न आमच्या हद्दीत झालेलं नाही’ हे ऐकावं लागतं, आणि ते खोटंही नसतं. महाराष्ट्राचा १९९८ चा विवाह नोंदणी कायदा राज्यात झालेल्या लग्नांसाठी आहे.

आम्ही दोघंही पुण्याचे. लग्न थायलंडला किंवा बालीला समुद्रकिनारी करायचंय. तिकडेच कायदेशीर करायचं का?

माझं ऐकाल तर नको. कायद्याचं लग्न इथे करा, सोहळा तिकडे करा.

थायलंडमध्ये किनाऱ्यावर झालेल्या समारंभाला कायद्याच्या लेखी काही किंमत नाही. तिथे लग्न म्हणजे ‘आम्फर’ या तालुका कार्यालयासारख्या ठिकाणी झालेली नोंदणी. त्यासाठी आपल्या दूतावासाचा अविवाहित असल्याचा कागद, त्याचं थाई भाषांतर, ते तिथल्या परराष्ट्र खात्याकडून प्रमाणित, असे दोन-चार दिवस त्यातच जातात. चार दिवसांसाठी गेलेल्या वऱ्हाडाने ते रांगेत घालवायचे?

बालीची तऱ्हा आणखी वेगळी. इंडोनेशियाचा १९७४ चा विवाह कायदा म्हणतो की लग्न धर्माच्या रीतीने लागलं तरच वैध. व्यवहारात दोघांचा धर्म एकच असावा लागतो आणि तो तिथे मान्यता असलेल्या सहा धर्मांपैकी असावा लागतो. हिंदू धर्म त्यात आहे, त्यामुळे हिंदू जोडप्याला वाट आहे. पण आंतरधर्मीय जोडपी बालीची स्वप्नं पाहून माझ्याकडे येतात तेव्हा मला हे सांगताना वाईट वाटतं.

आणि ‘सप्तपदी तर होणारच आहे, मग हिंदू विवाह कायदा लागू नाही का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला. हा कायदा भारतात अधिवास असलेल्या हिंदूंना भारताबाहेरही लागू होतो, हे खरं. पण लग्नाचा विधी कोणत्या रीतीने व्हावा हे साधारणपणे तिथल्या भूमीचा कायदा ठरवतो. हा वाद कोर्टात तुमच्या नावाने चालावा अशी हौस नसेल तर विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जा. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, मग नोटीस, हरकतीसाठी ३० दिवस, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न. महाराष्ट्रात ही नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन देता येते. मग बालीला खुशाल अंतरपाट धरा.

इथे कोर्ट मॅरेज केलं, तर तिकडे पुन्हा कायदेशीर लग्न लावता येईल का?

नाही. तुम्ही विवाहित आहात. इंग्लंडमध्ये नोटीस देताना ‘अविवाहित’ लिहिलंत तर ते खोटं निवेदन होईल. तिकडे फक्त समारंभ ठेवा आणि तो लावणाऱ्याला तसं आधी सांगा.

व्हिसाच्या घाईत आधी नोंदणी करून ठेवली, विधी सहा महिन्यांनी करू. चालेल?

कोणत्या कायद्याखाली नोंदणी केली यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथे भलेभले फसतात.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न लावलंत, तर त्या दिवशी तुमचं लग्न झालं. पुढचा विधी म्हणजे आनंदाचा भाग. पण हिंदू विवाह कायद्याखालची नोंदणी ही आधी झालेल्या लग्नाची नोंद असते. लग्नच लागलेलं नसेल तर नोंद कशाची? एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉली राणी विरुद्ध मनीषकुमार चंचल या प्रकरणात नेमकं हेच सांगितलं. दोघंही वैमानिक. विधी न करता एका समितीचं प्रमाणपत्र घेतलं आणि त्यावर नोंदणी करून टाकली. पुढे बिनसलं. कोर्टाने म्हटलं की विधी झालेले नाहीत, तेव्हा हे हिंदू विवाहच नव्हे, आणि नोंदणीच्या दाखल्याने ते लग्न होत नाही. तुम्ही त्या दाखल्यावर जोडीदाराचा व्हिसा काढलेला असेल, तर विचार करा.

याच रांगेत आळंदीचा दाखला येतो. आळंदीत लग्न लावण्यात काहीच गैर नाही. तिथे विधी होतात, गुरुजी असतात, फोटो असतात. पण कार्यालयाने दिलेलं सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र कुठल्याही परदेशी वकिलातीत चालत नाही. त्यावरून विवाह निबंधकाकडे नोंदणी करायची असते आणि त्या अर्जावर नवरा-नवरी, तीन साक्षीदार आणि गुरुजी यांच्या सह्या लागतात. गुरुजींचा फोन नंबर घेऊन ठेवा. वर्षभराने त्यांना शोधत फिरणारे लोक मी पाहिले आहेत.

‘सिंगल स्टेटस सर्टिफिकेट’ कुठे मिळतं?

भारतात कोण विवाहित आणि कोण अविवाहित याची एकच एक मध्यवर्ती नोंदवही नाही. युरोपातल्या कारकुनाला हे पटवणं म्हणजे डोकेफोड असते, कारण त्याच्या गावात ती वही असते. आपल्याकडे पर्याय दोन. इथे स्टॅम्प पेपरवर तुमचं आणि बहुधा आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र करायचं आणि ते पुढे प्रमाणित करून घ्यायचं. किंवा परदेशात राहत असाल तर तिथल्या भारतीय दूतावासाकडून अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. दूतावासही त्यासाठी पुष्कळदा भारतातलं प्रतिज्ञापत्र मागतो, म्हणजे दोन्ही कामं करावी लागतात.

हा कागद लवकर काढून ठेवू नका. बहुतेक ठिकाणी तो तीन ते सहा महिन्यांहून जुना चालत नाही.

अपोस्टील आणि अटेस्टेशन यांत फरक काय?

हेगच्या अपोस्टील करारातल्या देशांत कागद खरा असल्याचा एकच शिक्का पुरतो, तो अपोस्टील. भारतात हा करार जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया त्यात आहेत, सिंगापूर २०२१ मध्ये आलं आणि कॅनडात जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. करारात नसलेल्या देशांसाठी शिक्क्यांची साखळी लांबते, तेच अटेस्टेशन. संयुक्त अरब अमिरातीसाठी आधी राज्य सरकार, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग त्यांचा दूतावास आणि शेवटी तिथलं परराष्ट्र खातं.

दोन्हीकडे पहिली पायरी राज्याची. जन्म, विवाह यांचे दाखले किंवा प्रतिज्ञापत्र हे वैयक्तिक कागद राज्याच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाने आधी प्रमाणित करावे लागतात. परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टीलचं शुल्क कागदामागे फक्त ५० रुपये आहे, त्यावर अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकृत एजन्सीचं सेवाशुल्क. कोणी एका कागदाचे हजारो रुपये सांगत असेल तर तो दलालीचे सांगतोय. कधी कधी ती दलाली देणं सोयीचं असतं, पण कशाचे पैसे देतोय ते माहीत असावं.

आम्ही जर्मनीत आहोत. इथे लग्न करायला एवढा वेळ का लागतो? आणि सगळे डेन्मार्कला का जातात?

जर्मनीचं विवाह नोंदणी कार्यालय, म्हणजे ‘श्टांडेसआम्ट’, परदेशी माणसाकडून ‘हा लग्नास पात्र आहे’ असं त्याच्या देशाचं प्रमाणपत्र मागतं. भारत तसं प्रमाणपत्र देत नाही. मग त्यातून सूट घ्यावी लागते आणि ती सूट प्रांतातल्या वरिष्ठ न्यायालयाचे अध्यक्ष देतात. दाखल्यांची तपासणी हा त्याहून मोठा अडथळा. भारताच्या अपोस्टील प्रवेशावर जर्मनीने हरकत नोंदवली होती, त्यामुळे आपल्या दाखल्यावर अपोस्टील असला तरी तिथली कार्यालयं वेगळी पडताळणी मागत आली आहेत. जर्मन वकिलातीमार्फत भारतात माणूस प्रत्यक्ष चौकशीला जातो. महापालिकेत, गावात, कधी शेजाऱ्यांकडेही. यात महिनोन्‌महिने जातात. आईला सांगून ठेवा, नाहीतर ‘कोणी तरी येऊन तुझ्या लग्नाचं विचारून गेलं’ असा घाबरा फोन येतो.

म्हणून डेन्मार्क. तिथे २०१९ पासून परदेशी जोडप्यांचे अर्ज एकाच मध्यवर्ती संस्थेकडे जातात, तिचं नाव ‘फॅमिलिएरेट्सहूसेट’. अर्ज ऑनलाइन, शुल्क भरायचं, पासपोर्ट, राहण्याचा परवाना आणि नातं खरं असल्याचे पुरावे जोडायचे. फोटो, एकत्र केलेले प्रवास, भाडेकरार. लग्न केवळ परवान्यासाठी तर नाही ना, हे ते पाहतात. मंजुरी म्हणून मिळणारं प्रमाणपत्र चार महिने चालतं आणि ते घेऊन कुठल्याही नगरपालिकेत लग्न करता येतं. जर्मन सीमेजवळचं ट्यॉनर आणि एरो नावाचं छोटं बेट यासाठी प्रसिद्ध आहेत. लग्नाचा दाखला पाच भाषांत मिळतो, त्यांत जर्मन आणि इंग्रजी आहेत. निघण्यापूर्वी त्यावर डॅनिश परराष्ट्र खात्याचा अपोस्टील घ्यायला विसरू नका.

एक अट लोक गृहीत धरतात. दोघांनाही डेन्मार्कमध्ये असण्याचा कायदेशीर हक्क हवा. मुलगी भारतातून येणार असेल तर तिच्याकडे वैध शेंगेन व्हिसा पाहिजे.

इंग्लंडमध्ये मंदिरात किंवा हॉलमध्ये गुरुजींनी लग्न लावलं तर?

इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्याचा भर वास्तूवर आहे. ती वास्तू विवाहासाठी नोंदलेली हवी. काही मंदिरं तशी आहेत, बरीच नाहीत, आणि भाड्याचा हॉल तर नाहीच. नोंदलेली नसेल तर विधी कितीही साग्रसंगीत झाले तरी कायद्याने लग्न झालेलं नाही. २०२० मध्ये अपील न्यायालयाने एका निकाहाच्या प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट केलं. तिथे नुसत्या धार्मिक समारंभाला रद्दबातल लग्नसुद्धा म्हटलं गेलं नाही, लग्नच म्हटलं गेलं नाही. त्यामुळे वेगळं झाल्यावर घटस्फोटातून मिळणारे हक्कही नाहीत.

म्हणून मराठी कुटुंबं बहुधा दोन दिवस करतात : एक रजिस्ट्री ऑफिसचा, एक हॉलचा. रजिस्ट्रारने लावलेल्या नागरी विवाहात धार्मिक विधी घालता येत नाहीत, त्यामुळे दोन्ही एकत्र उरकण्याची आयडिया सहसा जमत नाही.

स्कॉटलंडमध्ये कायदा लग्न लावणाऱ्या माणसाला मान्यता देतो. मान्यताप्राप्त पुरोहित असेल तर किल्ल्यात, बागेत, तळ्याकाठी, कुठेही लग्न कायदेशीर लागू शकतं. नोटीस किमान २९ दिवस आधी.

इंग्लंडमध्ये नोटिशीआधी जिल्ह्यात सात दिवस राहावं लागतं आणि नोटिशीनंतर २८ पूर्ण दिवस थांबावं लागतं. दोघांपैकी एक परदेशी असेल आणि प्रकरण गृहखात्याकडे गेलं तर हे ७० दिवसांपर्यंत वाढतं. साध्या पर्यटक व्हिसावर लग्न करता येत नाही. त्यासाठी वेगळा ‘मॅरेज व्हिजिटर’ व्हिसा आहे.

अमेरिकेत काय लागतं?

‘अमेरिकेत’ या शब्दाला इथे अर्थ नाही, राज्य सांगा. लग्नाचं लायसन्स काउंटी किंवा शहराच्या कार्यालयातून मिळतं आणि नियम राज्यागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये लायसन्स मिळाल्यावर २४ तास थांबायचं आणि ते ६० दिवस चालतं. न्यू जर्सीत अर्जानंतर ७२ तासांनी लायसन्स हातात येतं. टेक्सासमध्ये लायसन्सनंतर ७२ तास. कॅलिफोर्नियात थांबायचं नाही आणि मुदत ९० दिवस. शनिवारी मुहूर्त आहे आणि गुरुवारी संध्याकाळी लायसन्स आठवलं, अशी गत न्यू जर्सीतल्या एका जोडप्याची माझ्यासमोर झाली आहे. अक्षता शनिवारीच पडल्या, लग्न सोमवारी झालं. आजीला कोणी सांगितलं नाही.

लायसन्स म्हणजे दाखला नव्हे. विधीनंतर गुरुजींनी त्यावर सही करून ते मुदतीत परत पाठवायचं, मग नोंद होते आणि दाखला मिळतो. गुरुजींना लग्न लावण्याचा अधिकार आहे का, हे आधी विचारा. न्यूयॉर्क शहरात लग्न लावणाऱ्याला सिटी क्लर्ककडे नाव नोंदवावं लागतं. व्हर्जिनियात कोर्टाची परवानगी लागते. भारतातून सुट्टीवर आलेले काका पौरोहित्य जाणतात एवढं पुरत नाही.

व्हिसाविषयी दोनच गोष्टी. के-१ हा वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा फक्त अमेरिकन नागरिकाच्या जोडीदारासाठी असतो, आणि अमेरिकेत उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न करावं लागतं. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवाल्याला तो नाही. दुसरी गोष्ट जास्त महाग पडते : ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधी लग्न झालेलं असेल तर जोडीदाराला त्याच अर्जाच्या आधाराने जाता येतं. मंजुरीनंतर लग्न केलं तर वेगळा अर्ज आणि वेगळी रांग. वर्षानुवर्षं ग्रीन कार्डची वाट पाहणाऱ्याला मंजुरी आली की आनंदात लग्न ठरवावंसं वाटतं. तारखांचा क्रम आधी वकिलाला दाखवा.

अबुधाबी?

अबुधाबीत २०२१ च्या १४ क्रमांकाच्या कायद्याने मुस्लिमेतरांसाठी नागरी विवाह सुरू झाला. तो कोर्टात, दोन भाषांत होतो आणि पर्यटकांनाही खुला आहे. मुलीच्या वडिलांची संमती लागत नाही. दोघं दोन वेगळ्या धर्मांचे असतील आणि घरून पाठिंबा नसेल, तर आखातातल्या जोडप्यांना आता ही वाट आहे.

माझ्या जन्मदाखल्यात माझं नावच नाही. काय करू?

घाबरू नका, तुमच्यासारखे लाखो आहेत. आपल्याकडे बाळ जन्मलं की दवाखाना नोंद पाठवतो, बारसं बाराव्या दिवशी किंवा नंतर होतं आणि नाव कळवायला कोणी जात नाही. दाखल्यावर फक्त ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ आणि आई-वडिलांची नावं. परदेशी अधिकाऱ्याला हा कागद तुमचा आहे हे कळणार कसं? ज्या महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे तिथे अर्ज करून नाव घालून घेता येतं. त्याची मूळ मुदत १५ वर्षांची, पण महाराष्ट्रात ती वेळोवेळी वाढवली गेली आहे. नोंदच नसेल तर ‘अनुपलब्धता प्रमाणपत्र’ घ्यायचं आणि जोडीला आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला. हाताने लिहिलेला जुना दाखला असेल तर नवा संगणकीय काढा.

नावांचा घोळ यापेक्षा जास्त वेळ खातो. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. काहींच्या पासपोर्टवर सगळं नाव एकाच रकान्यात, मग अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं आणि ते तुमचं टोपणनाव असल्यासारखं पुढे सगळीकडे चिकटतं. ‘वाघ’ एका दाखल्यात डब्ल्यूने, दुसऱ्यात व्हीने. आईचं नाव तुमच्या जन्मदाखल्यात सासरचं, तिच्या स्वतःच्या कागदांवर माहेरचं. भाषांतर करताना मी मूळ कागदात आहे तेच लिहिते, लिहायलाच हवं. ‘ताई, जरा पासपोर्टसारखं करून द्या ना’ असं म्हणू नका. स्पेलिंगचा फरक ‘ही व्यक्ती एकच’ अशा प्रतिज्ञापत्राने सुटतो. नाव खरंच बदललं असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातली नोंद दाखवा.

मामेबहिणीशी लग्न ठरलंय. परदेशात अडचण येईल का?

येऊ शकते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाची किंवा आत्याची मुलगी करणं रूढ आहे, पण विशेष विवाह कायद्याच्या परिशिष्टात ही नाती निषिद्ध यादीत आहेत. विदेशी विवाह कायद्यालाही तीच यादी लागू आहे, पण त्याखाली दोघांपैकी एकाच्या समाजात अशी रूढी असेल तर लग्न लावता येतं. बाहेर ब्रिटन, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया इथे चुलत-मामे भावंडांचं लग्न चालतं. टेक्सासमध्ये ते बेकायदा आहे. नोकरी ह्यूस्टनला असेल तर लग्नाचं ठिकाण म्हणून टेक्सास निवडू नका, आणि तिथे ते लग्न कसं धरलं जाईल हे स्थानिक वकिलाला विचारा.

माझा आधी घटस्फोट झालाय. कोणते कागद?

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, आणि त्याच्या जोडीला अपील झालेलं नाही असं दाखवणारा कागद. हिंदू विवाह कायद्याखाली अपिलाला ९० दिवस असतात आणि ती मुदत संपण्याआधी दुसरं लग्न करता येत नाही. हुकूम हातात पडताच पुढच्या महिन्याची तारीख काढणाऱ्यांनी हे वाचावं.

समाजाच्या पंचांसमोर झालेली काडीमोड किंवा स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी परदेशात कोणी घेत नाही. रूढीने झालेला घटस्फोट हिंदू विवाह कायदा पूर्णपणे नाकारत नाही, पण तो सिद्ध करायला कोर्टाचा निवाडा लागतो.

उलट बाजूही आहे. लग्न भारतात हिंदू पद्धतीने झालेलं आणि घटस्फोट अमेरिकेत एकट्यानेच घेतलेला, तर तो भारतात मानला जाईलच असं नाही. वाय. नरसिंह राव प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीच्या कोर्टाचा असाच हुकूम मान्य केला नाही. तिकडे तुम्ही मोकळे आणि इकडे विवाहित, अशा अवस्थेत दुसरं लग्न केलंत तर इथे द्विभार्याप्रतिबंधाचा खटला होऊ शकतो.

आम्ही गोव्याचे आहोत. आम्हाला वेगळं काही?

हो, आणि ते लग्नापेक्षा मालमत्तेत जास्त दिसतं. गोव्यात नागरी निबंधकापुढची नोंदणी हा लग्नाचाच भाग आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक होते, आणि लग्नानंतर ही व्यवस्था बदलता येत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोव्यात अधिवास असलेल्याच्या गोव्याबाहेर भारतात असलेल्या मिळकतीच्या वारसालाही गोव्याचा पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदाच लागतो. म्हणून लिस्बन किंवा लंडनला लग्न करणार असाल तर त्याआधी मालमत्तेच्या कराराबद्दल गोव्यातल्या वकिलाशी बोला, आणि ते लग्न गोव्याच्या नोंदवहीत कसं उतरवायचं हे आपल्या तालुक्याच्या निबंधकाकडे विचारा.

आमचं समलिंगी लग्न परदेशात झालंय. भारतात?

सध्या मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. त्यात विदेशी विवाह कायद्याचाही मुद्दा होता. जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विलोकनाच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. ज्या देशात लग्न झालं तिथले हक्क अर्थातच तिथे राहतात.

वय?

भारतीय कायद्याने मुलगी १८, मुलगा २१. मुलीचं वय २१ करण्याचं २०२१ चं विधेयक संमत झालं नाही. इंग्लंडमध्ये दोघांनाही १८ पुरतात, पण तिकडे चाललं म्हणून १९ वर्षांच्या भारतीय मुलाने विसंबू नये.

नवरा परदेशी आहे. त्याला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड कधी मिळेल?

लग्न नोंदलेलं असावं आणि अर्जाआधी किमान दोन वर्षं सलग टिकलेलं असावं. दोन वर्षांची गणना नोंदणीवर अडू नये म्हणून परदेशातल्या लग्नाची कलम १७ खाली लगेच नोंद करून घ्या. पाकिस्तान किंवा बांगलादेशाशी संबंधित मूळ असलेल्यांना ओसीआय मिळत नाही.

लग्नाच्या दाखल्याच्या किती प्रती घ्याव्यात?

मी चार सांगते. एक व्हिसासाठी, एक दूतावासातल्या नोंदीसाठी, एक पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालायला आणि एक घरी. छायाप्रत चालत नाही, प्रत्येक प्रत कार्यालयाची प्रमाणित हवी. त्यांतल्या निदान दोन प्रतींवर त्याच देशाचा अपोस्टील घ्या, तेही देश सोडण्याआधी. न्यू जर्सीच्या दाखल्यावर अपोस्टील न्यू जर्सीच देतं. मुंबईत बसून तो मिळवायचा म्हणजे तिकडच्या एखाद्या मित्राला कामाला लावावं लागतं, आणि मित्र लग्नाला आलेला असला तर बरं.